१९६१ च्या ठरावाला १९६१ चा कायदा कुठे शोधायचा? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण विषय आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावाचा आहे.

आमचं गाव पलूस तालुक्यात. १९६१ साली, म्हणजे गाव तासगाव तालुक्यात होतं तेव्हा, पंचायतीने बाजारतळाला लागून असलेली पडीक जागा काही कुटुंबांना वार्षिक भाड्याने दिली. ठराव आहे, भाड्याच्या पावत्या आहेत, नमुना ८ ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) नोंदी आहेत. आज तिथे तिसरी पिढी धंदा करते. एक सायकल दुरुस्तीचं दुकान, एक शिंपी, एक चहावाला, मागच्या बाजूला लोहाराचा भाता. या लोकांना आता अतिक्रमणाच्या नोटिसा आल्यात. म्हणणं असं की जागा देताना ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे वरिष्ठांची पूर्वमंजुरी घेतलेली दिसत नाही, सबब भाडेपट्टाच बेकायदा.

आता हे कलम ५५ आजच्या पुस्तकात वाचलं तर मंजुरी जिल्हा परिषदेच्या यंत्रणेची लागते. पण महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला. जी संस्था जन्मालाच आली नव्हती तिची मंजुरी १९६१ च्या पंचायतीने कुठून आणायची? म्हणजे त्या वर्षी कलमाचा मजकूर वेगळा असणार, मंजुरी देणारा वेगळा असणार. साधा प्रश्न आहे: तो मजकूर काय होता?

तालुक्याच्या एका कचेरीत विचारलं तर उत्तर मिळालं, "कायदा तोच आहे, १९५८ चा." इंडिया कोडवर (केंद्र सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर) शोधलं, तिथे आजचा मजकूर. बाजारातली खाजगी प्रकाशनाची पुस्तकं घेतली, त्यांतही आजचाच. नोटीस काढणाऱ्यांकडे हेच पुस्तक, नोटीस मिळालेल्यांच्या वकिलाकडेही हेच. साठ वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा न्याय दोन्हीकडून आजच्या कायद्याने चाललाय आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, याचा मला खरोखर त्रास होतो.

एखादं कलम अमुक तारखेला नेमकं कसं होतं, हे नागरिकाला मराठीत, फुकट आणि सरकारी शिक्क्यासह बघता यायला हवं, अशी माझी मागणी आहे. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर कायद्यांचे मागच्या तारखांचे मजकूर बघायची सोय आहे. आपल्याकडे नसण्याचं तांत्रिक कारण मला तरी दिसत नाही.

जाणकारांनी वाट दाखवावी. १९६१ च्या ठरावाची शेवटची ओळ अशी आहे: "सदर ठराव मंजुरीसाठी जिल्हा ग्रामपंचायत मंडळाकडे पाठविणेत यावा." हे मंडळ म्हणजे कोण?

विट्याचा वकील

दादा, वाट आहे, थोडी वळणाची आहे. सगळ्यांनाच उपयोग होईल म्हणून सांगतो.

सुरुवात आजच्या मजकुराच्या तळटिपांपासून करायची. सरकारी प्रतीत प्रत्येक बदललेल्या शब्दावर बारीक आकडा असतो आणि खाली "हा मजकूर अमुक सालच्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक अमुक, कलम अमुक अन्वये दाखल केला" अशी टीप. स्वस्तातली खाजगी पुस्तकं पानं वाचवायला या टिपा गाळतात, म्हणून ती या कामाला निरुपयोगी. टिपा घेऊन उलटं चालायचं: आजच्या मजकुरातून एकेक दुरुस्ती वजा करत मागे जायचं. या अधिनियमात १९६५ चा क्रमांक ३६, १९७५ चा क्रमांक १३ आणि ७३ व्या घटनादुरुस्तीनंतरचा १९९४ चा क्रमांक २१ या मोठ्या दुरुस्त्या आहेत. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा जुळवून घेण्यासाठीही बदल झाले. तुमच्या कामाला तेच सगळ्यांत महत्त्वाचे.

प्रत्येक दुरुस्ती अधिनियमात दोन जागा बघायच्या. सुरुवातीचं कलम १: तो कधीपासून लागू झाला. बऱ्याचदा तिथे "शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास" एवढंच असतं, मग ती अधिसूचना वेगळी शोधावी लागते. आणि शेवटचं व्यावृत्तीचं कलम: आधी झालेले व्यवहार तसेच चालू राहतील का. ते कलम नसलं तर मुंबई सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४ मदतीला येतो. कायदा रद्द झाला तरी त्याखाली आधी रीतसर केलेल्या गोष्टी आपोआप रद्द होत नाहीत, हे तत्त्व तिथलं.

शोधताना लोक कुठे अडकतात तेही सांगतो. अधिनियमाच्या नावात १९५८ आहे, पण तो १९५९ चा मुंबई अधिनियम क्रमांक ३ आहे. १९५८ चा खंड चाळत बसलात तर हाती काही लागणार नाही. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाचंही तेच, नावात १९६१ आणि क्रमांक १९६२ चा ५. दुसरं म्हणजे नाव. २०१२ पर्यंत आपला कायदा "मुंबई ग्रामपंचायत अधिनियम" होता, त्यामुळे जुनी अनुक्रमणिका "महाराष्ट्र" खाली शोधून चालत नाही. तिसरं खास आपल्यासाठी: १९४९ ते १९६० सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. त्या काळातल्या अधिसूचना "सांगली" खाली सापडणार नाहीत.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न. बाजारतळाची ती जागा पंचायतीची होती का? कलम ५१ खाली शासन मोकळ्या, पडीक, गायरान जागा, रस्ते, विहिरी पंचायतीकडे निहित करू शकतं, म्हणजे तिच्या हवाली करू शकतं. तसा आदेश असेल तर तो काढा. सातबारावर कब्जेदार सदरी "सरकार" आहे की "ग्रामपंचायत", जुने फेरफार काय म्हणतात, तेही बघा. कलम ५५ चा वाद त्यानंतरचा.

निवृत्त विस्तार अधिकारी

कृष्णाकाठ, तुमच्या मंडळाचं उत्तर माझ्याकडे आहे. १९५८ च्या अधिनियमात ग्रामपंचायतींवर देखरेख करायला प्रत्येक जिल्ह्याला "जिल्हा ग्रामपंचायत मंडळ" असायचं. जिल्हा परिषदा आल्यावर ते गेलं. त्याआधी जिल्ह्याचा कारभार लोकल बोर्डाकडे, १९२३ च्या कायद्याखाली. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं झेडपीच्या शाळेलाही लोकल बोर्डाची शाळाच म्हणायची.

तुमच्या पंचायतीने ठराव त्या मंडळाकडे पाठवायचं ठरवलं, म्हणजे त्या वेळच्या लोकांना कायदा माहीत होता आणि त्यांनी तो पाळायचा प्रयत्न केला. आज त्यांच्या नातवंडांना बेकायदा म्हणायच्या आधी मंडळाचं दप्तर कुठे गेलं हे शोधायला हवं. १९६२ ला ते जिल्हा परिषदेकडे वर्ग व्हायला हवं होतं. जिल्हा परिषदेचा ग्रामपंचायत विभाग आणि अभिलेख कक्ष, दोन्हीकडे विचारा. गावाच्या बाजूने आवक-जावक बारनिशी असेल तर ठराव पाठवल्याची जावक नोंद बघा. मंजुरीचं पत्र नाही मिळालं तरी जावक क्रमांक मिळाला तर बाजू भक्कम होते.

आम्ही नोकरीत असताना कायद्याचं पुस्तक कसं सांभाळायचो ते सांगतो, आजच्या पोरांना कल्पना नाही. दुरुस्ती आली की शुद्धिपत्राची पट्टी कापायची, जुन्या मजकुरावर कडेने खळ लावून चिकटवायची आणि समासात तारीख नि अधिनियम क्रमांक लिहायचा. पट्टी फक्त एका कडेने चिकटवायची, म्हणजे उचलून खालचा जुना मजकूर वाचता येतो. आमच्या एका वरिष्ठांच्या पुस्तकात कलम ४५ वर एकावर एक पट्ट्या होत्या, त्या उलटत गेलं की कोणत्या साली काय होतं ते दिसायचं. अशी पुस्तकं निवृत्तीनंतर घरी गेली नाहीतर रद्दीत. कुणाच्या वडिलांची, काकांची असतील तर कृपया टाकू नका. फोटो काढून इथे द्या.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय. नगरपालिकांचं दुखणं याहून मोठं आहे, कारण तिथे कायद्याचे थर जास्त.

सातारा नगरपालिका १८५३ ची. संस्थान खालसा झाल्यावर चार-पाच वर्षांतच, कंपनी सरकारच्या १८५० च्या २६ व्या कायद्याखाली नगरपालिका आली. मग १८७३ चा, १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा, मोठ्या शहरांसाठी १९२५ चा बरो कायदा, आणि शेवटी महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५. तो प्रत्यक्ष लागू झाला १५ जून १९६७ ला. प्रत्येक नवा कायदा येताना "जुन्या कायद्याखालचे नियम, उपविधी, आदेश विसंगत नसतील तेवढे चालू राहतील" असं म्हणत आला. ऐकायला बरं वाटतं. पण ते चालू राहिलेले जुने उपविधी, म्हणजे नगरपालिकेने स्वतः केलेले नियम, आहेत कुठे?

आमच्या बोळातल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याला परवाना नूतनीकरणाच्या वेळी सांगितलं गेलं की उपविधीत बसत नाही. त्याने उपविधीची प्रत मागितली. प्रत नाही. कोणत्या सालचा, कोणत्या राजपत्रात आला, कुणाला सांगता येईना. तरी अर्ज नामंजूर. ज्याची प्रत दाखवता येत नाही त्या नियमाने माणसाचा धंदा कसा अडवता?

नगरपालिकांच्या अधिसूचना शोधणाऱ्यांसाठी: राजपत्राचा भाग एक-अ बघा. महानगरपालिका, नगरपालिका, प्राथमिक शिक्षण आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा या कायद्यांखालचे आदेश त्यात असतात. जिल्ह्यापुरत्या गोष्टींसाठी भाग एकची पुणे विभागीय पुरवणी, सातारा-सांगली तिच्यात. अलीकडच्या वर्षांचं ई-राजपत्र मिळतं. जुन्यासाठी ग्रंथालय, नाहीतर मुंबईला चर्नी रोडचं शासकीय मुद्रणालय.

विट्याचा वकील

अजिंक्यतारा, तुमच्या गिरणीवाल्याला एक निकाल सांगा: हरला विरुद्ध राजस्थान राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५१. जयपूर संस्थानात १९२३ ला मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो लोकांसाठी प्रसिद्धच केला नाही. त्याखाली एकाला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जो कायदा लोकांना कळवलाच नाही तो लोकांवर लादणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. उपविधी कधीच प्रसिद्ध झाला नसेल तर हा निकाल थेट उपयोगाचा. प्रसिद्ध झालाय पण प्रत सापडत नाही, अशी परिस्थिती असेल तर इतकं सोपं नाही. मात्र दाखवा म्हणण्याचा हक्क तुमचाच.

माणदेशी

आमच्या आटपाडीची गोष्ट आणखी निराळी. आम्ही औंध संस्थानातले. १९३९ ला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीने, प्रजेला स्वराज्याची घटना दिली. ७२ गावांचं संस्थान, आणि गावोगाव निवडलेल्या पाच जणांची पंचायत. पंचायतीकडे कारभार, न्यायदानातही वाटा. देश स्वतंत्र व्हायच्या आधी आठ वर्षं आमच्या आज्या-पणज्यांनी हे अनुभवलं. कुंडलही औंधातच होतं, म्हणजे कृष्णाकाठ यांच्या शेजारचं गाव. ८ मार्च १९४८ ला संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. नंतर इथे कोणते कायदे लागू झाले हे १९५० च्या विलीन संस्थानांच्या कायद्यावरून बघावं लागतं.

त्यामुळे आमच्याकडे "१९४५ ला विहीर पंचायतीची होती का" असा वाद निघाला तर मुंबई सरकारचा १९३३ चा ग्रामपंचायत कायदा लावून उपयोग नाही. तो आमच्याकडे तेव्हा नव्हताच. सांगली, मिरज, जत, फलटण, सगळ्यांना हे लागू. एकाच सांगली जिल्ह्यात १९४७ ला शेजारशेजारच्या दोन गावांना वेगवेगळ्या सरकारांचे कायदे होते. शासनाने जुने कायदे कधी चढवलेच तर संस्थानांचे कायदे आणि हुकूम वगळू नयेत, ही माझी कळकळीची विनंती. आमचा तो इतिहास तर आहेच, पण आमच्या सातबाराचं मूळही तिथेच आहे.

रोजचा करदाता

एवढं खोदून सामान्य माणसाला काय मिळणार? कचेरीत आज चालतो तो जीआर. जीआर दाखवा, काम होतं. कायद्याचं पुस्तक काढलं की साहेब नाराज होतात. व्यवहाराचं बोला.

कृष्णाकाठ

करदाता, व्यवहाराचंच बोलतोय. शासन निर्णय हा शासनाचा आदेश आहे. तो अधिनियमाच्या आणि नियमांच्या वर जाऊ शकत नाही. घरपट्टीच घ्या. तुमची पट्टी कर व फी नियम, १९६० प्रमाणे ठरते. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने आकारणी भांडवली मूल्यावर आली. त्याआधीच्या वर्षाची थकबाकी नव्या पद्धतीने मोजून मागितली तर तुम्ही काय दाखवणार? जीआर नाही, जुना नियम दाखवायला लागेल. तो कुठे आहे?

जीआरबद्दल एक सुधारणा मात्र मनापासून हवी आहे. प्रत्येक शासन निर्णयावर संगणक संकेतांक असतो, तसा तो कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली काढलाय हेही सक्तीने असायला हवं. आधीचा कोणता जीआर यामुळे रद्द झाला, हेही. आता "संदर्भ" म्हणून जुन्या दहा जीआरचे क्रमांक देतात, पण त्यातले जिवंत कोणते आणि मेलेले कोणते हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

सरपंचताई, वाळवा तालुका

करदाता भाऊंना माझं उत्तर. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत जुलै २०१७ ला अध्यादेशाने आली. २०२० ला ती रद्द होऊन सदस्यांतून निवड सुरू झाली. २०२२ ला पुन्हा थेट निवड. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गावांत, निवडणूक कधी झाली त्यावर, सरपंचपदाचे नियम वेगळे होते. अविश्वास ठरावाचेही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली २ वर्षं अविश्वास आणता येत नाही, आणि सदस्यांनी ठराव केला तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाला ठेवावा लागतो.

माझ्या ओळखीच्या एका सरपंच भगिनीवर ठराव आला तेव्हा बैठकीत तीन वेगवेगळी पुस्तकं निघाली. एक २०१६ ची आवृत्ती, एक २०१९ ची, एक मोबाईलवरची पीडीएफ, तिच्यावर सालच नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं पुस्तक खरं. ती बाई दोन दिवस जेवली नाही. हा काही १९६१ चा इतिहास नाही भाऊ, पाच-सहा वर्षांतली गोष्ट आहे.

२०११ पासून आम्हा महिलांना निम्म्या जागा आहेत. पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईच्या हातात आजच्या तारखेचा, मराठीतला, खात्रीचा कायदा द्यायला नको का? प्रशिक्षणात पुस्तिका मिळते, पण ती छापून येईपर्यंत एखादी दुरुस्ती झालेली असते. आणि मराठी मजकुराबद्दल म्हणाल तर १९५८ चा मूळ कायदा इंग्रजीत झालेला. त्याचे जे अनुवाद फिरतात त्यांत एकाच कलमाची भाषा दोन तऱ्हेची. ग्रामसभेत कोणता वाचू?

नव्या वाटा

सगळ्यांचं पटतंय, पण औषध चुकतंय असं वाटतं. ग्रामपंचायतीचा १९५८ चा, जिल्हा परिषदेचा १९६१ चा, नगरपरिषदेचा १९६५ चा, महानगरपालिकेचा १९४९ चा. हे सगळे मोडीत काढून एकच नवा स्थानिक स्वराज्य कायदा का करू नये? समित्या तर किती झाल्या. १९६० ची वसंतराव नाईक समिती, १९७० ची बोंगिरवार, १९८० ची बाबूराव काळे, आणि १९८४ ची आपल्या सांगलीच्या शांतिनिकेतनच्या प्रा. पी. बी. पाटील यांची. ज्या जिल्ह्यांनी यशवंतराव चव्हाण दिले, रोजगार हमीचे वि. स. पागे दिले, त्यांनी एवढी मागणी करायला हवीच. नवा कायदा आला की जुनं शोधायची गरजच संपेल.

विट्याचा वकील

नाही संपणार, उलट वाढेल. नवा कायदा पुढच्यासाठी. मागच्या साठ-सत्तर वर्षांतले भाडेपट्टे, कर, परवाने, निवडणुका यांचे वाद जुन्या कायद्यानेच सुटणार, आणि तो तेव्हा "रद्द" या सदरात गेल्यामुळे संकेतस्थळांवरून आणखी लवकर नाहीसा होईल. आज १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा शोधून बघा, मग माझं म्हणणं पटेल. एकत्रित कायद्याला माझा विरोध नाही. पण आधी जुन्याचा तारीखवार मजकूर, मग नवा.

शिवाय निव्वळ अधिनियम एकत्र करून भागत नाही. दैनंदिन कारभार चालतो नियमांवर, आणि अधिनियम एका ठिकाणी, नियम दुसऱ्या, अधिसूचना तिसऱ्या. कलमात "विहित करण्यात येईल अशा रीतीने" आलं की तिथेच त्या नियमाकडे जाता आलं पाहिजे.

नव्या वाटा

हे ठीक. क्रमाबद्दलचं म्हणणं मान्य. पण मग मागणीत एक वाक्य घाला, की यापुढे दुरुस्ती विधेयक मांडताना सोबत दुरुस्तीनंतर कलम सलग कसं दिसेल तेही छापावं. "अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करण्यात येतील" हे वाचून आमदारांनाही बोध होत नसेल.

ग्रंथालयवेडी

कागदांच्या बाजूने थोडं. २०१९ च्या महापुरात सांगली जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरलं, पुस्तकांचं किती नुकसान झालं हे सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. कृष्णाकाठच्या गावांतली पंचायतींची दप्तरं २००५ ला भिजली, २०१९ ला भिजली, २०२१ ला पुन्हा पाणी आलं. राजपत्राचे जुने खंड आधीच पिवळे, पान उलटताना कोपरा हातात येतो. पुढच्या पुराची वाट न बघता स्कॅनिंग व्हायला हवं, आणि नुसते फोटो नकोत, शब्द टाकला की सापडला पाहिजे असं.

सातारकरांना एक सुचवते. मुंबई इलाख्याचं साताऱ्याचं गॅझेटियर (खंड १९, १८८५) जालावर मिळतं. त्यात तेव्हाच्या नगरपालिकांची माहिती आहे, म्हणजे कोणत्या गावात कधीपासून नगरपालिका होती याची सुरुवात तिथून करता येते. साताऱ्याचं नगर वाचनालय १८५२ च्या सुमाराचं, तिथल्या जुन्या संग्रहाची चौकशी जरूर करा. कायद्यामागचा हेतू बघायचा असेल तर विधिमंडळाच्या जुन्या चर्चा वाचा. कलम ५५ का आणलं, पंचायतींवर अविश्वास होता की जागा बळकावल्या जाण्याची भीती, हे तिथे कळण्याची शक्यता आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन गोष्टी घडल्यात.

निवृत्त विस्तार अधिकारी काकांनी सांगितलं तसं बारनिशी शोधली. पंचायतीच्या माळ्यावर, जुन्या मतदार याद्यांच्या गठ्ठ्याखाली १९६१-६२ ची जावक वही सापडली. कसर लागलीय, पण शाई वाचता येते. ठरावानंतरच्या पंधरवड्यात "जि. ग्रा. पं. मंडळ, ठराव मंजुरीकामी" अशी नोंद आहे, क्रमांकासह. मंजुरीचं पत्र अजून नाही. जिल्ह्याला माहितीचा अर्ज टाकलाय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, १५० शब्दांच्या आत. १९६२ पूर्वीच्या मंडळाचं दप्तर कोणाकडे वर्ग झालं एवढंच विचारलंय.

वकीलदादा म्हणाले तसा सातबारा आणि जुने फेरफार काढायला दिलेत.

आणि नोटिशीला उत्तर देताना आम्ही लेखी विचारलंय की आपण उद्धृत केलेलं कलम ५५ ठरावाच्या तारखेस असंच होतं का, असल्यास राजपत्राची प्रत द्यावी. आजवर हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. कारवाई तूर्त थांबवलीय, पुढची तारीख दिलीय.

आता ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा. दुरुस्त्या सुचवा:

"ही ग्रामसभा शासनास विनंती करते की, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम आणि त्याखालील सर्व नियम यांचा १ जून १९५९ पासून आजपर्यंतचा मजकूर, प्रत्येक दुरुस्तीच्या अंमलाच्या तारखेसह, मराठीत व इंग्रजीत शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करावा. रद्द झालेले कायदे, तसेच विलीन संस्थानांचे स्थानिक कारभाराचे कायदे त्यात समाविष्ट करावेत. प्रत्येक शासन निर्णयावर तो ज्या कलमाखाली काढला ते कलम नमूद करावे."

अजिंक्यतारा

नगरपरिषदांचं घालाच. "प्रत्येक नगरपरिषदेने अंमलात असलेल्या उपविधींची नोंदवही, राजपत्राच्या तारखेसह, कार्यालयात व संकेतस्थळावर ठेवावी, आणि नोंदवहीत नसलेल्या उपविधीच्या आधारे कोणताही अर्ज नामंजूर करू नये." शेवटचा भाग सोडू नका, त्याशिवाय नोंदवही कुणी करणार नाही.

सरपंचताई, वाळवा तालुका

आमच्या गावात येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेते. आदल्या महिला सभेत आधी वाचून दाखवेन. दादा, "विनामूल्य" च्या पुढे "व त्या प्रतीवर अद्ययावत केल्याचा दिनांक छापावा" हे शब्द घाला. तारीख नसलेल्या पीडीएफने आमचं फार नुकसान केलंय.

विट्याचा वकील

ताईंची दुरुस्ती उत्तम. मसुद्याला नुसतं विनंतीचं रूप ठेवू नका, आधार द्या. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख)(पाच) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपलं काम ज्या नियम, विनियम, सूचना, पुस्तिका आणि अभिलेखांवर चालतं ते स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहेत. म्हणजे कायद्याने हे आधीच त्यांचं कर्तव्य आहे. हे कलम ठरावाच्या पहिल्या वाक्यात घाला. प्रत ग्रामविकास आणि नगरविकास विभागांना, विधी व न्याय विभागाला, आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या आमदारांना पाठवा. पाठवाल तेव्हा जावक क्रमांक टाकायला विसरू नका.